जेव्हा टीचरचं पोट भरतं

मेरिनच्या ताटात आज कालच्यापेक्षा मोठा मासा होता. शेजारी उकडलेले अळूचे कंद, निरफणसाची भाजलेली फोड आणि नारळाच्या घट्ट रसात शिजवलेली अळूची पानं. ते सगळं पाहून तिने मनातल्या मनात देवाचा धावा केला. पण ताटात काही टाकायचं नाही, असं होबार्ट शहरातल्या घरी आईने तिला लहानपणापासून बजावलेलं. परमुलखात, दुसऱ्याच्या घरी, तर नाहीच नाही.

पंचाईत अशी की सावाई बेटावरच्या त्या गावात रिकामं ताट म्हणजे अर्धपोटी पाहुणा. घरधनीण लोसा रोज ते रिकामं ताट बघून खजील व्हायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी वाढायची. मेरिन रोज तडस लागेपर्यंत जेवायची. दोघी एकमेकींचा मान राखण्यात एकीपेक्षा एक होत्या. पाहुण्याचं झाल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही आणि त्याच्या ताटात उरेल ते मुलांचं, हे नव्या टीचरला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गोष्टच नाही ती.

“दिसते हाडकुळी,” खांबाला टेकलेली आजी म्हणाली, “पण पोटात अख्खी होडी मावेल हिच्या!”

मेरिनला त्यातला ‘होडी’ एवढाच शब्द कळला. तिने हसून जोरात मान डोलावली, तशी खांबाआडून लोसाची धाकटी दोन मुलं खुदकन हसली. लोसाने त्यांच्याकडे डोळे वटारले.

थोरली मुलगी आइलिनी समोर मांडी घालून पंख्याने माश्या वारत होती. ती मेरिनच्याच वर्गात होती. तिची नजर माशावरून हलत नव्हती. किती मन लावून माश्या वारते, असं मेरिनला वाटलं. माशाची एक बाजू संपवून तिने तो उलटा केला.

“आज वर्गात आपण ‘जेव्हा–तेव्हा’ शिकलो ना?” ती इंग्रजीत म्हणाली. “एखादं वाक्य कर बघू. पुस्तकातलं नको हं. तुझं स्वतःचं.”

आइलिनीचा पंखा थांबला. ती ओठातल्या ओठात पुटपुटली, मग एकेक शब्द जपून ठेवत इंग्रजीत म्हणाली, “जेव्हा टीचरचं पोट भरणार, तेव्हा आम्ही जेवणार.”

“छान! फक्त दोन्हीकडे ‘णार’ नको. पहिल्या भागात ‘भरतं’ म्हणायचं.”

चूक दुरुस्त करून झाली आणि मग मेरिनला ते वाक्य ऐकू आलं.

लोसाला इंग्रजी बेताचंच यायचं, पण एवढं कळण्यापुरतं होतं. तिने चटईवर थाडकन हात आपटला. “गप, चहाटळ! पाहुण्यांसमोर असं बोलतात?” मग मेरिनकडे वळून, आवाज मऊ करून, “पोरीच्या जिभेला हाड नाही, बाई. तुम्ही जेवा सावकाश. घरात ढीग आहे.”

मेरिनने आज पहिल्यांदा ताटापलीकडे नीट पाहिलं. धाकटी दोघं खांबाला बिलगून बसली होती. काल तिने ताटात काटे ठेवले होते. नुसते काटे. आणि आइलिनीने ते ताट दोन्ही हातांनी, जपून, उचलून नेलं होतं. मेरिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोट भरलं, हे इथल्या बोलीत कसं म्हणायचं ते तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तो शब्द तिने आजवर एकदाही वापरला नव्हता.

“मा’ओना,” ती म्हणाली आणि ताट पुढे सरकवलं.

“अगंबाई, का? मासा बरा नाही लागला?” लोसा घाबरीघुबरी झाली. “काही चुकलं का आमचं?”

“नाही. मा’ओना. खरंच.”

“लागली गं बाई, होडी किनाऱ्याला लागली!” आजी म्हणाली.

या वेळी कोणी डोळे वटारले नाहीत. आइलिनीने ताट उचललं, धाकटी दोघं तिच्यामागे पळाली. लोसाने हात धुवायला पाण्याचं भांडं पुढे ठेवलं. घराला भिंती नव्हत्या. पलीकडच्या टोकाला बोटं चाटल्याचे, एकमेकांना ढोसल्याचे आवाज मेरिनला स्वच्छ ऐकू येत होते. ती खाली मान घालून बोटं धूत राहिली.

“टीचर!” आइलिनीने भरल्या तोंडाने हाक मारली. “जेव्हा टीचरचं पोट भरतं, तेव्हा आम्ही जेवणार. आता बरोबर?”

“बरोबर,” मेरिन वर न बघता म्हणाली. “अगदी बरोबर.”