फळीएवढी फट

कुंपणाच्या टोकाला एका फळीएवढी फट उरली आणि फळी मात्र एकही उरली नाही. टेलरमास्तरांनी गवतात पाहिलं, भिंतीमागे पाहिलं, आपणच तिच्यावर उभे नाही ना म्हणून पायाखालीही पाहिलं. मग हातोडी जमिनीवर आपटली.

"कमी पडली वाटतं!" फटीतून आवाज आला.

पलीकडे शेजारीण उभी होती. मास्तरांनी मनातल्या मनात तिचं नाव दुर्बीण ठेवलं होतं. सकाळपासून तिचं सुरू होतं. खांब कलतोय, खिळा वाकलाय, ऊन लागेल, टोपी घाला. जिच्यामुळे कुंपण घालायची वेळ आली तीच मुकादम होऊन बसली, तर माणसाने करायचं तरी काय?

"अहो ताई, मोजून आणल्यात फळ्या. अंगण मी स्वतः मोजलंय."

"कशानं?"

मास्तरांनी गळ्यातली टेप पुढे केली. सगळी हयात त्या टेपवर गेली होती.

"कापडाची? थांबा." ती आत गेली आणि स्टीलची टेप घेऊन आली. "ही घ्या, आमच्या ह्यांची. परत द्यायची काही घाई नाही."

मास्तरांनी दोन्ही टेपा शेजारी शेजारी धरल्या आणि कपाळाला हात लावला. ओढून ओढून त्यांची टेप ताणली गेली होती, चांगली अंगठाभर. दुकानात कधी कळलंच नाही. गिऱ्हाइकाचं अंगही त्याच टेपने मोजायचं आणि कापडही त्याच टेपने, मग चूक दिसणार कुठून? इथे मात्र अंगण मोजलं मास्तरांच्या टेपने आणि फळ्या मोजल्या वखारवाल्याच्या टेपने. आता वखार बंद झालेली. उद्यापर्यंत ही फट अशीच आ वासून राहणार.

"अहो, झालं का?" मागच्या दारातून बायकोने विचारलं. दार तिने बोटभरच उघडलं होतं. "बसू का मग बाहेर?"

औषधांनी तिचे केस गेले होते. रोज थोडं उन्हात बसा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती बसलीही होती, एकदाच. तेव्हा दुर्बिणीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून हंबरडाच फोडला होता, "अगं बाई! काय होतात आणि काय झालात हो वहिनी!" तिच्या मनात वाईट नव्हतं, पण जे होतं ते तोंडावर यायला वेळ लागला नाही. बायको उठून आत गेली ती गेलीच. ना दारात, ना फोनवर. सख्ख्या बहिणीलाही तिने दारातूनच परत पाठवलं. आज ती आपणहून विचारत होती.

"झालंच! एक मिनिट!" मास्तर ओरडले आणि फटीकडे वळले. आता मात्र त्यांचा तोल गेला. "ताई, हे कुंपण तुमच्यासाठीच घालतोय मी. तुमची नजर नको झालीय तिला. काय होतात आणि काय झालात! बोलायची काय रीत झाली ही? निदान आजच्या दिवस तरी इकडे बघू नका. हात जोडतो!"

दुर्बिणीचं तोंड उघडंच राहिलं.

मास्तर तरातरा दुकानाच्या खोलीत गेले. मशीनखालचा ढीग उपसला. एक कापड झिरझिरीत, दुसरं वीतभर, तिसरं गिऱ्हाइकाचं. घरात टेलर असून एक धड पडदा मिळू नये! शेवटी जाड अस्तराचा तुकडा हाताला लागला, तो खांद्यावर टाकून ते धावत मागच्या दारी आले.

बायको बाहेर येऊन बसली होती. उन्हात खुर्ची टाकून, आणि तीही नेमकी फटीच्या समोर! डोक्याचा रुमाल सोडून तिने मांडीवर ठेवला होता.

"अगं, तिथे कुठे..." मास्तर कापड पसरत पुढे झाले. तिने तोंडावर बोट ठेवून त्यांना थांबवलं.

फटीत शेजारणीची पाठ दिसत होती. तिने स्टूल अगदी कुंपणाला लावून ठेवलं होतं आणि आपल्या घराकडे तोंड करून ती बसली होती. बोलत होती समोरच्या भिंतीशी.

"...मग मी काय, झाकण न लावताच मिक्सर सुरू केला. चटणी थेट छतावर! ह्यांना वाटलं, छत गळतंय. बादली घेऊन आले."

बायको खळखळून हसली. हसताना तिने चाचपडत रुमाल उचलला, आणि तसाच पुन्हा मांडीवर ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "किती वेळ अशा बसाल? पाठ भरून येईल."

"येऊ दे. तुम्ही सांगाल तेव्हा वळेन."

बायकोने आपली खुर्ची उचलून फटीच्या आणखी जवळ नेली.