उघडे डोळे

बंदिशीची सम आली तशी इरावतीने सवयीने तिसऱ्या रांगेत पाहिलं. तिथे तिचा नवरा केदार बसला होता. समेवर डोळे मिटून मान हलवायची त्याची लग्नाआधीपासूनची खोड. आज मात्र काचेमागचे त्याचे डोळे टक्क उघडे होते, कारण आज पहिल्यांदाच त्याने चष्मा लावला होता.

तसा सभागृहातल्या सगळ्यांनीच लावला होता. तो दारातच मिळायचा. गाणारीचा आवाज तोच राहायचा, चेहरा मात्र ज्याला जो आवडेल तो दिसायचा. हल्ली गर्दी त्यामुळेच होत होती, त्यामुळे परक्यांबद्दल इरावतीची तक्रार नव्हती.

मैफल संपल्यावर ग्रीनरूममध्ये तिने विचारलं, "कोण होती?"

"कोण म्हणजे? तूच."

"मग डोळे का नाही मिटलेस? सांग ना, कुठली नटी?"

"अगं, तूच होतीस. शपथ."

तिने त्याच्या खिशातला चष्मा ओढून काढला, स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि ती आरशासमोर उभी राहिली. केदारने निवडलेला चेहरा चष्म्यात अजून तसाच होता. आरशात जाड वेणीची, गालावर खळी असलेली, कॉलेजातली इरावती दिसत होती.

"पटलं?" केदार हसला.

इरावती त्या मुलीकडे जळफळून बघत राहिली.

"हिच्यासाठी डोळे उघडे?" ती म्हणाली. "हिला तर तानपुरासुद्धा तूच लावून द्यायचास!"