गोळी की थेंब?

हॉस्पिटलची ड्यूटी संपवून नर्सताई थेट माहेरी आली, तर दोघे भाऊ हमरीतुमरीवर आलेले. बाबांच्या पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून गेल्या महिन्यात थोरल्याने मॅग्नेशियमच्या गोळ्या आणल्या होत्या आणि धाकट्याने समुद्राच्या पाण्यातून काढलेल्या खनिजांचे थेंब. बाबांनी यातलं काय घ्यायचं, यावरून पुन्हा जुंपली होती.

“तुझ्या गोळीत एकच खनिज, माझ्या थेंबांत सत्तर!” धाकटा म्हणाला.

“मग अख्खा समुद्रच पाज ना त्यांना!” थोरला उसळला.

ताईने दोन्ही लेबलं वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अक्कल गहाण टाकलीत का रे? थेंबांतही सगळ्यात जास्त मॅग्नेशियमच आहे! बाबांच्या किडन्या जेमतेम चालतात, ते बाहेर पडणार कुठून? अंगात साठलं तर हृदयावर बेतेल! डॉक्टरांना विचारावंसं वाटलं नाही एकालाही?”

दोघांच्या माना खाली गेल्या. कचऱ्यात फेकायला तिने बाटल्या उचलल्या, तर दोन्ही हाताला हलक्या लागल्या. ती बाबांकडे वळली.

 

“ओरडू नकोस गं त्यांच्यावर,” बाबा ओशाळून म्हणाले. “कुणाचंच मन मोडायला नको, म्हणून महिनाभर मी दोन्ही घेतोय.”