ओंजळीवर फुटलेला आवाज

भीमजयंतीच्या आदल्या दिवशी मुकुंदवाडीच्या वस्तीत टँकरसाठी हंड्यांची रांग लागली होती. तेवढ्यात मंडळाच्या पोरांनी भोंगा सुरू केला. सत्यशीला कानांत प्राण आणून ऐकू लागली. या जयंतीला आपल्या आवाजातलं गाणं वाजणार, असं तिनंच साऱ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं.

गाणं लागलं. चाल तीच, शब्द तेच. आवाज मात्र मुंबईच्या नामवंत गायिकाबाईंचा.

वर्षानुवर्षं सत्यशीला स्टुडिओत 'डमी' गात आली होती. मोठ्या गायिकेला चाल कळावी म्हणून आधी हिनं गाऊन ठेवायचं, मग हिचा आवाज पुसायचा. या खेपेला स्टुडिओचा मालक म्हणाला होता, "बाईंना वेळ नसला तर तुझाच आवाज ठेवू." बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात! आणि ही वेडी तो जेवून बसली होती.

"तुझं गाणं हाय म्हणत व्हतीस ना?" शेजारची केसरबाई म्हणाली. "ही तर मुंबईची बाई हाय."

"आगुदर मीच गायलंय, मावशी. माझं ऐकूनच गायल्यात त्या."

"व्हय, व्हय." केसरबाईनं हंडा पुढं सरकवला. मागं कुणीतरी हसलं.

चवदार तळ्याचं कडवं आलं. 'पहिली ओंजळ भीमानं उचलली...' आणि 'ओंजळ' या शब्दावर बाईंचा आवाज फुटला. केसरबाईनं डोळ्यांना पदर लावला.

सत्यशीलानं ते फुटणं लगेच ओळखलं. हे चालीत नव्हतंच. रेकॉर्डिंगच्या दिवशी वस्तीत टँकर आला नव्हता, ती कोरड्या घशानंच माइकपुढं उभी राहिली आणि नेमकी तिथं चिरकली. पुन्हा गाते म्हणून तिनं हात जोडले होते. "डमीच तर आहे," म्हणत मालकानं रेकॉर्डिंगचा लाल दिवा बंद केला. बाईंनी तिची चूकसुद्धा उचलली होती.

"मावशी, ऐक बरं. खरं असं हाय." भोंग्यावरचं गाणं संपताच ती रांगेतच उभी राहून ते कडवं गायली. सगळा जीव ओतून गायली. या वेळी 'ओंजळ'वर आवाज जराही हलला नाही, स्वच्छ वर चढला.

केसरबाईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि मायेनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"गळा लई गोड हाय गं तुझा. पण तिथं रडू फुटाया पायजे. ते काय तुला जमलं नाय."