उजवी मूठ

"पिना, घड्याळ, कानातलं, सगळं काढा काकू," मशीन चालवणारी तरुण इंजिनिअर म्हणाली. "लोखंडाचा कणसुद्धा आत चालत नाही."

काकूंनी सगळं काढून ट्रेमध्ये ठेवलं. तरी त्या मशीनच्या खोलीच्या जाड दाराशी गेल्या आणि पडद्यावरच्या रेघा वेड्यासारख्या नाचायला लागल्या.

"अजून काहीतरी आहे."

"जबड्यात स्टीलची पट्टी आहे," काकू ओशाळून म्हणाल्या. "जुनी. जिन्यावरून पडले होते."

"मग तुम्ही बाहेरूनच माइकवर बोला."

आत काका पडून होते. मेंदूत रक्तस्राव झाला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बोट हललं नव्हतं, की पापणी कुणाला ओळखून लवली नव्हती. पोटात नळीनं अन्न जात होतं, म्हणून श्वास चालू, एवढंच. आज त्यांच्या डोक्याला द्रवरूप नायट्रोजननं गार ठेवलेले सेन्सर टेकवले होते.

"जुन्या मशीनला याहून कितीतरी जास्त गारवा लागायचा," इंजिनिअर हौसेनं सांगत होती. "भांड्याच्या भिंती जाड, त्यामुळे सेन्सर डोक्यापासून लांब राहायचे. हे अगदी केसांना लागून बसतात. मेंदूची कुजबुजही पकडतात."

"आणि काहीच मिळालं नाही तर?" दिरांनी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मग नळी काढू. ठरलंच आहे आपलं तसं."

"सोडवू या हो वहिनी त्याला," दीर म्हणाले. "दादाचे हाल बघवत नाहीत."

"भाऊजी, त्यांना कळतंय. मला ठाऊक आहे."

तीन वर्षांत काकूंचा एक दिवस चुकला नव्हता. दुपारी तीनच्या ठोक्याला हजर. काकांचं अंग पुसायचं, नखं कापायची, मग खुर्ची उशाशी ओढून कानाशी लागायचं, ते भेटीची वेळ संपेपर्यंत. नवऱ्याशी इतकं बोलणारी बाई पाहिली नाही, असं नर्स म्हणत. काकू हसत. "संसारात बोलायचं राहूनच गेलं हो. यांच्यापुढे माझा आवाज कधी निघालाच नाही." लग्न झालं तेव्हा त्या अठराच्या होत्या. काकांची पावलं फाटकाशी वाजली, की हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. ती सवय इतकी मुरलेली, की खाटेशी आल्यावर अजूनही त्या आधी मिनिटभर उभ्या राहत, मगच बसत.

चाचणी सोपी होती. उजवी मूठ आवळा, असं सांगायचं. हात हलला नाही तरी चालेल. माणसानं नुसतं मनात आणलं, तरी मेंदूच्या डाव्या बाजूच्या लहरी खाली बसतात.

डॉक्टरांनी सांगून पाहिलं. रेघा तशाच.

"दादा, मूठ आवळ रे," दीर माइकवर म्हणाले. "मी आलोय. एकदाच आवळ." काही नाही. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

काकूंनी माइक दोन्ही हातांनी धरला. "अहो, मी आहे," त्या म्हणाल्या. "उजवी मूठ आवळा."

लहरी धाडकन खाली बसल्या.

इंजिनिअर खुर्चीवरून उठलीच. "पुन्हा, काकू!"

दहा वेळा सांगितलं, दहाही वेळा बसल्या. मध्येच डॉक्टरांनी परत आपला आवाज लावून पाहिला. रेघा ढिम्म.

"फक्त तुमच्या आवाजाला," डॉक्टर म्हणाले. "सगळं ऐकताहेत ते. सगळं कळतंय. आता नळी काढायचा प्रश्नच मिटला. बाकी प्रकृती ठणठणीत आहे. दहा-पंधरा वर्षं सहज काढतील."

"मी चुकलो, वहिनी," दीर म्हणाले आणि हुंदके देऊ लागले.

काकूही रडत होत्या. "तीन वर्षं भिंतीशीच बोलतेय की काय, एवढीच धास्ती होती हो मला."

काकांना वॉर्डात परत आणलं. नवरा-बायकोला थोडा एकांत मिळावा म्हणून डॉक्टरांनी स्वतः पडदा ओढला आणि सगळ्यांना बाहेर नेलं. काकू डोळे पुसून काकांच्या कानाशी वाकल्या.

"ऐकलंत ना? पंधरा वर्षं," त्या हळूच म्हणाल्या. "आवळा मूठ. रोज आवळा. बघू, आता कुणाचं तोंड फोडता ते."