मुंगीएवढी फाईल

एकट्या राहणाऱ्या बाबांच्या खोलीतल्या कॅमेऱ्याने डिस्क काठोकाठ भरली, म्हणून लेकाने आज सकाळी व्हिडिओ आवळून साठवणारा कोडेक बदलला. फाईल लहान कशी होते, ते बाबांनाही फोनवर समजावलं. दुपारी ऑफिसात स्वारी खुशीत होती.

"चित्र तेवढंच स्वच्छ राहतं, आणि ही बघ, दर तासाला एक फाईल, त्यातली बाराची मुंगीएवढी. एकचीही तशीच."

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने यादी पाहिली. "मग अकराची एवढी मोठी का? कोडेक तोच ना?"

"अगं, हा कोडेक हललं तेवढंच साठवतो. काही हललंच नाही, तर..."

आज पहिल्यांदाच त्याने कॅमेरा उघडून पाहिला. बाबा खुर्चीत, मान खाली, हात मांडीवर. त्याने फोन लावला. बाबांच्या पुढ्यातला फोन वाजून वाजून थांबला, बोटसुद्धा हललं नाही.

धावतपळत तो बाबांच्या घरी पोचला. किल्ली कुलपात शिरेना. एकदाचं दार उघडलं.

बाबांनी मान वर केली.

"आलास? हललो तर तू बघत नाहीस. म्हटलं, न हलता बसून बघू."