उशिरा येणारा न्यूट्रॉन

वडिलांची दृष्टी गेलेली, म्हणून शास्त्रज्ञ लेकीने आपला प्रयोग त्यांच्यासाठी आवाजात उतरवला. प्रयोगशाळेतल्या आपल्या खुर्चीत त्यांना बसवून तिने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले.

"पहिली टिक् म्हणजे प्रोटॉन लिथियमच्या अणुकेंद्रावर आदळला. दुसरी म्हणजे तिथून सुटलेला न्यूट्रॉन इथल्या लांब बोगद्याच्या टोकाला पोचला. मधला वेळ मी लाखो पटींनी ताणलाय, बाबा. तेवढा ऐका."

वडील जिवाचा कान करून ऐकू लागले. टिक्, टिक्. टिक्, टिक्. मग एकदा दुसरी टिक् रेंगाळली.

"हा दमला का गं?"

"त्याची थोडी ऊर्जा आतच राहिली, केंद्रात. किती उशीर झाला त्यावरून अणूच्या पोटातली रचना कळते. डोळ्यांनी ती आजवर कुणालाच दिसलेली नाही."

"कुणालाच?" वडिलांचा चेहरा उजळला. "म्हणजे इथे तुम्ही सगळेच माझ्यासारखे."

ती हसली. ते पुन्हा ऐकत राहिले, देवघरात बसावं तसे.

"आणि ते आत राहिलेलं? त्याचं काय होतं?"

"त्याचा प्रकाश होतो आणि तो बाहेर पडतो."

 हेडफोन न काढताच वडिलांनी चाचपडत तिचा हात धरला.

"परवा पोराला वसतिगृहात सोडून आलीस आणि मला म्हणालीस, काही वाटलं नाही. पण जिना तू अशीच रेंगाळत चढलीस, मी ऐकलं."